घरगुती विद्युत उपकरणांतील नेहमीचे बिघाड : ओळख, दुरुस्ती आणि दक्षता

बंगळुरू शहरातील आजच्या के. आर. मार्केट परिसरात ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे पथदिवे प्रथम प्रज्वलित झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये उभारण्यात आलेल्या जलविद्युत केंद्रातून ही वीज आणण्यात आली होती. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर उद्योगसमूहाने विद्युत मोटारींच्या निर्मितीसाठी याच शहराची निवड केली. विजेशी असे जुने नाते असलेल्या या शहरात आज घरोघरी गिझर, मिक्सर, शीतकपाट, धुलाई यंत्र आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रे आढळतात. मात्र यांपैकी एखादे उपकरण अचानक बंद पडले, की ते दुरुस्त करावे की टाकून द्यावे, हा प्रश्न इतर शहरांप्रमाणे येथेही उभा राहतो.

या प्रश्नाला एक वेगळे उत्तर देण्याचा प्रयत्न २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झाला. नेदरलँड्समधील पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरविले होते. त्यापासून प्रेरणा घेऊन पूर्णा सरकार आणि अंतरा मुखर्जी यांनी ‘रिपेअर कॅफे बंगळुरू’ हा उपक्रम हाती घेतला. नादुरुस्त वस्तू घेऊन आलेल्या व्यक्तीने ती कारागिराच्या हाती सोपवून निघून न जाता त्याच्या शेजारी बसावे, बिघाड कसा शोधला जातो ते पाहावे आणि शक्य तेथे स्वतः हात लावावा, असे या उपक्रमाचे स्वरूप आहे. स्वयंसेवकांबरोबरच परिसरातील व्यावसायिक कारागिरांनाही त्यात मानाचे स्थान देण्यात आले. उपकरणाचे अंतरंग एकदा पाहिलेला ग्राहक ते सहजासहजी टाकून देत नाही, हा या प्रयत्नामागील विचार आहे.

नेहमी आढळणारे बिघाड, त्यांची कारणे, घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय आणि जेथे घरी हात लावू नये अशा मर्यादा यांची माहिती पुढे देण्यात येत आहे.

प्रथम सुरक्षितता

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असून तो जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे कोणतेही उपकरण उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढणे आवश्यक आहे. जोडणी करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असल्यास बटण बंद असूनही उपकरणात वीज शिल्लक राहते. गिझरसारखे उपकरण कायमस्वरूपी जोडलेले असल्यास त्याचा मुख्य स्विच बंद करून घरातील इतरांना तशी सूचना द्यावी.

तीन पिनांच्या प्लगमधील सर्वांत लांब आणि जाड पिन अर्थिंगची असते. प्लग बसविताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी तिची लांबी अधिक ठेवण्यात येते. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरल्यास ती याच मार्गाने जमिनीकडे जाते. दोन भोकांच्या सॉकेटमध्ये प्लग बसावा म्हणून ही पिन काढून टाकण्याची सवय अत्यंत धोकादायक आहे. जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. नव्या उपकरणांत अनुक्रमे तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी तार वापरली जाते.

मुख्य फलकावरील एमसीबी आणि आरसीसीबी या दोन साधनांची कामे भिन्न आहेत. क्षमतेपेक्षा अधिक भार आल्यास किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास एमसीबी वीज तोडते व वायरिंगचे आगीपासून रक्षण करते. वीज जमिनीकडे गळू लागल्यास आरसीसीबी वीजपुरवठा खंडित करते व माणसाचे रक्षण करते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला खटका पाडणारी आरसीसीबी बसविली जाते. तिच्यावरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून ती कार्यरत असल्याची खात्री करून घ्यावी.

बिघाड शोधण्याचा क्रम

अनुभवी कारागीर उपकरण लगेच उघडत नाही. तो बाहेरून आत जातो. हाच क्रम घरीही पाळावा.

सर्वप्रथम सॉकेटमध्ये वीज आहे किंवा नाही, हे चालू स्थितीतील दुसरे उपकरण लावून पाहावे. केवळ टेस्टरवर विसंबून राहू नये. टेस्टरमधील दिवा फेजची उपस्थिती दाखवितो; न्यूट्रल तुटलेली असली तरी तो पेटतो, परंतु उपकरण मात्र चालत नाही.

त्यानंतर प्लग आणि वायर तपासावी. प्लगवर काळसर डाग असल्यास किंवा तो वितळलेला असल्यास आतील स्क्रू सैल झाल्याची शक्यता असते. सैल जोडणीच्या ठिकाणी उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने जोडणी आणखी सैल होते. वायर बहुधा प्लगजवळ किंवा उपकरणात शिरते त्या ठिकाणी, वारंवार वाकल्यामुळे, आतून तुटते. बाहेरील आवरण शाबूत असल्याने हा बिघाड नजरेस पडत नाही.

तिसऱ्या पायरीवर उपकरणातील सुरक्षा यंत्रणा पाहावी. झाकण किंवा दार नीट लागले आहे काय, अतिभाराचे बटण बाहेर आले आहे काय, उपकरण जास्त तापून बंद झाले आहे काय, याची खात्री करावी. अनेकदा येथेच कारण सापडते. या तिन्ही पायऱ्या पार पडल्यानंतरच उपकरण उघडण्याचा विचार करावा.

साधा मल्टिमीटर या कामी उपयोगी पडतो. प्लग काढून ठेवलेल्या उपकरणाच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमधील रोध मोजावा. २,००० वॅटच्या गिझरचा रोध सुमारे २६ ओहम, तर १,००० वॅटच्या इस्त्रीचा सुमारे ५३ ओहम येतो. मोजणीच्या वेळी उपकरणाचे बटण व थर्मोस्टॅट चालू स्थितीत असणे आवश्यक आहे. मीटरवर कोणताही आकडा न आल्यास आतील मार्ग कोठेतरी तुटलेला आहे, असे समजावे. फेज पिन आणि धातूचे आवरण यांच्यामध्ये मीटरने रोध दाखविल्यास उपकरणात गळती असून ते वापरणे ताबडतोब थांबवावे. सूक्ष्म गळती मात्र साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. त्यासाठी कारागीर ५०० व्होल्टचा मेगर वापरतात.

खटका वारंवार पडत असल्यास

आरसीसीबीचा खटका वारंवार पडत असल्यास घरातील सर्व प्लग काढून ठेवावेत आणि खटका वर करावा. तो टिकल्यास एकेक उपकरण लावून पाहावे. ज्या उपकरणाने खटका पुन्हा पडतो, त्यात गळती आहे. सर्व उपकरणे काढूनही खटका टिकत नसल्यास दोष वायरिंगमध्ये असू शकतो आणि परवानाधारक वीजतंत्रीला पाचारण करावे. खटका पडतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच बंद करणे होय.

एकाच वेळी घरातील काही दिवे प्रखर आणि काही मंद होत असतील, पंखे नेहमीपेक्षा वेगाने फिरत असतील, तर वीजवाहिनीतील न्यूट्रल तार तुटल्याची शक्यता असते. तीन फेजच्या वाहिनीची न्यूट्रल तार तुटल्यास काही घरांतील दाब २३० व्होल्टवरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि काही मिनिटांत अनेक उपकरणे जळतात. अशा वेळी एकेक उपकरण बंद करीत न बसता मुख्य स्विच तात्काळ बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे. बंगळुरूत वीजपुरवठा करणाऱ्या ‘बेस्कॉम’ची तक्रार सेवा १९१२ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

गिझर : जड पाण्याचा पहिला बळी

बंगळुरूची हवा थंड असल्याने येथे गिझरचा वापर जवळजवळ वर्षभर होतो. शहराला सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणले जाणारे कावेरीचे पाणी तुलनेने मृदू आहे. मात्र अनेक वसाहती कूपनलिकांवर आणि टँकरवर अवलंबून असून हे पाणी बहुधा जड असते. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईत हे अवलंबित्व ठळकपणे समोर आले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी देण्याची क्षमता असलेला हा टप्पा शहरात नव्याने समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी आखण्यात आला आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण काठिण्य प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जाते आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. जड पाणी तापविल्यावर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार एलिमेंटवर पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने एलिमेंट आतल्या आत अतिशय तापते, पाणी मात्र उशिरा गरम होते. पाणी तापण्यास लागणारा वेळ वाढणे, टाकीतून खदखदण्याचा आवाज येणे आणि नळातून पांढरे कण पडणे ही त्याची लक्षणे होत. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर भागांतील कूपनलिकांचे पाणी वापरणाऱ्या कुटुंबांनाही हा अनुभव परिचित आहे.

यावर उपाय म्हणजे ठरावीक काळाने एलिमेंट बाहेर काढून सायट्रिक आम्लाच्या, म्हणजेच लिंबूसत्त्वाच्या, द्रावणात भिजवून साफ करणे. तीक्ष्ण हत्याराने थर खरवडल्यास एलिमेंटच्या आवरणाला इजा होते. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा बसविलेला असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवितो. म्हणून सफाईच्या वेळी तो तपासावा आणि झिजला असल्यास बदलावा. पाण्याचे तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवल्यास क्षार कमी साचतात आणि विजेचीही बचत होते.

पाणी मुळीच गरम होत नसेल, तर एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि अतितापरोधक खटका यांपैकी एकात दोष असतो. हा खटका वारंवार पडत असल्यास तो वगळून थेट जोडणी करण्याचा मार्ग काही वेळा सुचविला जातो. असे कदापि करू देऊ नये. थर्मोस्टॅट निकामी झाल्यावर टाकीतील पाण्याला उकळण्यापासून रोखणारा तोच अखेरचा अडसर असतो. त्याचप्रमाणे दाब कमी करणाऱ्या झडपेतून थोडे पाणी गळते म्हणून ती बंद करणे स्फोटाला निमंत्रण देणारे ठरू शकते. नळाला किंवा पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्यास गिझरचा वापर त्वरित थांबवावा. दुरुस्ती होईपर्यंत आंघोळीपूर्वी गिझर बंद करणे ही सावधगिरी पुरेशी मानू नये.

मिक्सर

भारतीय स्वयंपाकघरातील मिक्सरचा इतिहास एका बिघाडापासूनच सुरू होतो. १९६० च्या दशकात मुंबईत अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर जळाला आणि देशात त्याच्या दुरुस्तीची सोय नव्हती. सुके मसाले, ओले खोबरे आणि भिजविलेली डाळ यांचा भार पेलणारी मोटार त्यांनी स्वतः विकसित केली. ‘सुमीत’ मिक्सरचा जन्म त्यातून झाला.

मिक्सर मध्येच थांबल्यास तो बिघडला असे लगेच समजू नये. त्याच्या बुडाशी अतिभाराचे लहान, बहुधा लाल, बटण असते. भांड्यातील जिन्नस कमी करून, मोटार थंड होऊ देऊन ते बटण दाबल्यास मिक्सर पुन्हा सुरू होतो. बटण वारंवार बाहेर येत असल्यास भांड्याचे पाते हाताने फिरवून पाहावे. ते अडकत असल्यास दोष मोटारीत नसून भांड्याच्या बुशमध्ये आहे. ही तपासणीही प्लग काढूनच करावी.

मोटार फिरते परंतु पाते फिरत नाही, अशा वेळी दोहोंना जोडणारा कपलर झिजलेला असतो. तो अल्प किमतीत मिळतो व सहज बदलता येतो. मात्र अनेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलट्या दिशेचे असल्याने तो जोर लावून फिरविण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी. भांड्याच्या तळातून गळती होत असल्यास वॉशर किंवा बुश बदलावा लागतो. मोटारीच्या आत मोठ्या ठिणग्या दिसत असतील आणि वेग कमी-जास्त होत असेल, तर कार्बन ब्रश झिजल्याचे ते लक्षण होय; दोन्ही ब्रश एकाच वेळी बदलावेत. जळका वास आणि धूर ही मात्र मोटारीची कॉइल जळल्याची खूण असून ती नव्याने गुंडाळण्याचे काम कारागिराचे आहे.

पंखा

छताचा पंखा घुमतो परंतु सुरू होत नाही, किंवा काठीने ढकलल्यावर फिरू लागतो, असे आढळल्यास दोष बहुतेक वेळा कपॅसिटरमध्ये असतो. कारागीर त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. पंख्याचा वेग हळूहळू मंदावणे हेही त्याचेच लक्षण असू शकते. छताच्या पंख्यासाठी साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरला जातो. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवावा. अधिक क्षमतेचा बसविल्यास पंखा वेगाने फिरतो, परंतु मोटार तापते. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, म्हणून त्याच्या टोकांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.

घरघर येत असल्यास बेअरिंग तपासावे. पंखा डुलत असल्यास पात्यांची टोके छतापासून समान अंतरावर आहेत काय, ते मोजावे. रिमोटवर चालणाऱ्या नव्या कमी विजेच्या पंख्यांना मात्र हे उपाय लागू होत नाहीत. त्यांत मोटार चालविणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि बिघाड बहुधा त्यातच आढळतो.

इस्त्री

इस्त्री तापत नसल्यास प्रथम वायर पाहावी, कारण सतत हालचालीमुळे ती मुठीजवळ तुटते. वायर बदलताना उष्णता सहन करणारी, कापडी आवरणाची तीन तारांची वायर घ्यावी. दोन तारांची स्वस्त वायर लावल्यास अर्थिंग नाहीसे होते. वायर ठीक असल्यास थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू आणि उष्णतेने वितळणारा फ्यूज तपासावा. हा फ्यूज वितळला असेल तर तो वगळू नये, त्याच तापमानाचा नवा बसवावा. जुन्या इस्त्रीतील अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळलेले एलिमेंट बदलता येत असे. नव्या इस्त्रीत ते बहुधा तळाच्या धातूतच ओतलेले असल्याने संपूर्ण तळ बदलावा लागतो.

शीतकपाट

शीतकपाट पुरेसे थंड होत नसल्यास गॅस संपला, असे निदान अनेकदा घाईने केले जाते. वास्तविक शीतकपाटातील वायू बंद नळ्यांमधून फिरत राहतो; वापराने तो संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती बंद न करता भरलेला वायू पुन्हा निघून जाणार. वातानुकूलन यंत्रालाही हाच नियम लागू पडतो. म्हणून वायू भरण्यास संमती देण्यापूर्वी गळतीचे ठिकाण दाखविण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

त्यापूर्वी साध्या गोष्टी पाहाव्यात. दाराच्या कडेचे रबरी गास्केट सैल झाल्यास बाहेरची हवा आत शिरते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढली गेल्यास गास्केट साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे किंवा बदलावे. मागील बाजूची जाळी धुळीने भरल्यास उष्णता बाहेर पडत नाही. आतल्या बाजूस पाणी साचत असल्यास मागील भिंतीतील निचऱ्याचे छिद्र तुंबलेले असते.

ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होत नसल्यास कमी दाब, रिले किंवा कॉम्प्रेसर यांपैकी एखादे कारण असते. वीज गेल्यानंतर ती परत येताच शीतकपाट लगेच सुरू न करता किमान ३ ते ५ मिनिटे थांबावे. अनेक नव्या शीतकपाटांत आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. साचलेला बर्फ सुरीने फोडताना नळीला छिद्र पडल्यास केवळ उपकरणच निकामी होत नाही, तर आगीचाही धोका निर्माण होतो.

धुलाई यंत्र

यंत्रात पाणी येत नसल्यास नळाची तोटी पाहावी आणि त्यानंतर पाण्याची नळी सोडून तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तपासावी. टँकरच्या पाण्यातील वाळूने ती वरचेवर तुंबते. पाणी बाहेर पडत नसल्यास निचऱ्याच्या पंपापुढील गाळणी उघडावी. नाणी, बटणे आणि केसांच्या पिना तेथे अडकलेल्या आढळतात. गाळणी उघडण्यापूर्वी खाली पसरट भांडे ठेवावे आणि पाणी गरम नसल्याची खात्री करावी.

पिळताना यंत्र जोराने हादरत असल्यास ते चारही पायांवर समपातळीत आहे काय आणि कपडे एका बाजूस गोळा झाले आहेत काय, हे पाहावे. समोरून उघडणाऱ्या नव्या यंत्रात वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहून गेल्यासही असेच घडते.

जेथे घरी हात लावू नये

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सुमारे २,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब निर्माण होतो आणि प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. त्यामुळे तो घरी उघडू नये. वातानुकूलन यंत्रातील वायूचे काम, इन्व्हर्टरचे अंतर्गत सर्किट, इंडक्शन शेगडीचा आतील फलक आणि दूरचित्रवाणी संचाचा पॉवर सप्लाय ही कामेही प्रशिक्षित व्यक्तीकडेच सोपवावीत. पाण्यात भिजलेले उपकरण वरून कोरडे दिसले तरी तपासणीशिवाय सुरू करू नये. हमीचा कालावधी शिल्लक असल्यास उपकरण उघडण्यापूर्वी हमीपत्रातील अटी वाचून घ्याव्यात.

कारागीर बोलावताना

उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राचा क्रमांक हमीपत्रावरून किंवा उपकरणावरील पट्टीवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकांवरून बनावट सेवा केंद्रांच्या नावाने फसवणूक होण्याचे प्रकार घडतात. कोणताही गुप्त संकेतांक सांगू नये आणि अनोळखी ॲप भ्रमणध्वनीवर घेऊ नये. बिघाड काय आहे, कोणता भाग बदलायचा आणि खर्च किती येईल, हे आधी विचारावे. बदललेला जुना भाग परत मागावा. पावती अवश्य घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या निःशुल्क क्रमांकावर दाद मागता येते.

सुटे भाग मिळविण्यासाठी बंगळुरूतील कारागीर एस. पी. रोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजारपेठेकडे वळतात. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्यातील पासोड्या विठोबा परिसराशी तिची तुलना करता येईल. मोटारी, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक भागांची दाटीवाटीची दुकाने येथे आहेत. योग्य भाग मिळण्यासाठी उपकरणाचा मॉडेल क्रमांक आणि शक्य असल्यास जुना भाग सोबत न्यावा.

दुरुस्तीचा हक्क

कुशल कारागीर उपलब्ध असूनही सुटा भाग किंवा माहितीपुस्तिका न मिळाल्याने दुरुस्ती अडते, ही ग्राहकांची जुनी तक्रार आहे. स्क्रूऐवजी चिकटविलेली आवरणे आणि एकत्र ओतलेले भाग यांमुळे ही अडचण वाढली आहे. या पार्श्वभूमीवर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, भ्रमणध्वनी व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासंबंधीच्या संकेतस्थळाचा प्रारंभ करण्यात आला. उत्पादकांची माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि हमी यांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा उद्देश आहे.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला असून त्याच्या अंमलबजावणीसाठी सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.

दुरुस्ती शक्यच नसल्यास

दुरुस्तीपलीकडे गेलेले उपकरण नेहमीच्या कचऱ्यात टाकू नये किंवा तांब्यासाठी वायर जाळणाऱ्यांच्या हाती देऊ नये. अशा जाळण्यातून निघणारा धूर ते काम करणाऱ्यांच्या आणि परिसरातील मुलांच्या आरोग्याला घातक असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी १०६ प्रकारच्या उपकरणांचा समावेश करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. या क्षेत्रातही बंगळुरूने लवकर पाऊल उचलले. देशातील आरंभीच्या अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्रांपैकी ‘ई-परिसर’ हे केंद्र शहरानजीक डाबसपेट येथे २००५ मध्ये सुरू झाले.

पुनर्प्रक्रियेतून धातू परत मिळतात. परंतु उपकरण घडविण्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा आणि श्रम परत मिळत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीचा पर्याय नेहमीच आधी येतो. झिजलेला कपलर, तुटलेली वायर किंवा निकामी कपॅसिटर यांसारख्या किरकोळ कारणांनी अडगळीत गेलेली उपकरणे आज अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. त्यांतील एखादे खाली काढून, प्लग, वायर आणि सुरक्षा बटण या क्रमाने तपासून पाहणे हा या माहितीचा पहिला उपयोग ठरेल. बिघाड आवाक्याबाहेरचा वाटल्यास कारागिराला बोलावून तो काय करतो ते शेजारी बसून पाहावे.